लेकराला निसर्ग शिबिराला पाठवताय? खान्देशातल्या आईबापांसाठी

लेकीला पहिल्यांदा एक दिवसाच्या निसर्ग शिबिराला पाठवलं तेव्हा ती चौथीत होती. पत्रक झकास होतं. पक्षीनिरीक्षण, झाडांची ओळख, ओढ्यातले जीव, वनभोजन. महिना एप्रिलचा. बस सकाळी सातला सुटणार होती, ती उशिरा येणाऱ्यांची वाट बघत पावणेनऊला सुटली. सातपुड्याच्या पायथ्याशी पोचायला साडेदहा वाजले. एप्रिलात त्या वेळेला आपल्याकडचं एकही शहाणं पाखरू उघड्यावर बसत नाही. मुलांनी दोन तास उन्हात पाखरं शोधली, ओढा कोरडाठाक निघाला, दोघांना उलट्या झाल्या आणि लेक घरी आली ती तापलेलं डोकं घेऊन. सासूबाई तिच्या कपाळावर ओली घडी ठेवत मला म्हणाल्या, "पोरले रानमा कसाले धाडी ऱ्हायनी व माय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तरी त्याच वर्षी हिवाळ्यात तिला दुसऱ्यांकडे पाठवलं. तो दिवस इतका चांगला गेला की पुढे मीच स्वयंसेवक म्हणून जायला लागले. आता माझ्या हातात यादी असते आणि मी दिवसभर डोकी मोजते. या बाजूला उभं राहिल्यावर कळलं की आईबाप फोनवर जे विचारतात (जेवणात काय, बिबट्या दिसेल का, फोटो ग्रुपवर टाकाल ना) ते बहुतेक दुय्यम असतं. आपल्या खान्देशात शिबिर चांगलं की वाईट हे पहिल्यांदा घड्याळ ठरवतं.

आधी महिना, मग वेळ

पत्रक हातात आलं की उपक्रमांची यादी नंतर वाचा. तारीख बघा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंतचा काळ आपल्याकडे सोन्यासारखा. थंडीत हतनूरच्या पाणवठ्यावर, जळगावच्या मेहरूण तलावावर बाहेरगावचे पक्षी उतरलेले असतात. फेब्रुवारीच्या शेवटी पळस आणि काटेसावर फुलतात, पानं झडलेली असतात आणि फुलांवर पाखरांची जत्रा भरते. पानं नसल्यामुळे आठ वर्षांच्या मुलालाही दुर्बिणीशिवाय पक्षी दिसतो. नवख्या मुलासाठी मला विचाराल तर हाच आठवडा निवडा.

उन्हाळी सुट्टीतली शिबिरं आईबापांच्या सोयीची, मुलांच्या नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून उन्हाळ्यातलं शिबिर असेल तर एकच अट घाला. बस सहाच्या आत सुटावी आणि साडेदहाला मुलं पक्क्या सावलीत बसलेली असावीत. झाडाची सावली वेगळी आणि छप्पर, पाणी, पंखा असलेली सावली वेगळी. "दुपारी थोडा ट्रेक" असं पत्रकात दिसलं तर पुढचं वाचूच नका.

पावसाळ्यात सगळं हिरवंगार असतं आणि मुलांना चिखल आवडतो, पण तेव्हा प्रश्न ओढ्यानाल्यांचा. डोंगरात कुठेतरी वर पाऊस पडतो आणि खाली, कोरड्या आभाळाखाली, नाला फुगतो. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, चाळीसगावात पाणी शिरलं आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या. त्या भागात एरवी पाटणादेवीचा परिसर, धबधबे, गौताळ्याचं जंगल किती देखणं असतं! पण जुलै ते सप्टेंबर मुलांचा गट नाल्याच्या पात्रातून नेणार असतील, तर तिथे आपलं मूल नको. हतनूरचंही तसंच. तापीवरच्या त्या धरणाला ४१ दरवाजे आहेत, ते उघडले की खालच्या अंगाला पाणी झपाट्यानं वाढतं. पावसाळ्यात पक्षी बघायला धरणाखाली उतरायचं नाही.

जागा किती लांब

एक दिवसाच्या शिबिरात प्रवास दोन्ही बाजूंचा मिळून तीन तासांच्या वर गेला की दिवस बसमध्येच जातो. जळगावकरांना मेहरूण तलाव किंवा वाघूर, भुसावळकरांना हतनूर, रावेर-यावलच्या मुलांना पाल आणि मनुदेवीचा परिसर, धुळेकरांना लळिंगचं कुरण, शिरपूरकरांना अनेर धरण, चाळीसगावकरांना पाटणादेवी. धुळ्याहून किंवा जळगावहून तोरणमाळला एका दिवसात नेऊन आणू म्हणणारे भेटतात. तोरणमाळ सुंदर आहे, पण घाटाच्या वळणांवर निम्म्या मुलांना मळमळतं आणि वर पोचल्यावर यशवंत तलावाकाठी बसून परतायची वेळ होते. तिथे मुक्कामीच जावं. शहाद्याच्या मुलांची गोष्ट वेगळी.

जवळची जागा साधी वाटते म्हणून नाक मुरडू नका. लळिंगकडे अंजनाची झाडं आहेत. त्याचं पान हातात घेतलं की दरवेळी कुणीतरी मूल ओरडतं, "आपटा! सोनं!" मग दोन्ही पानं शेजारी ठेवायची. आपट्याचं पान एकच असतं, मध्ये चिरलेलं. अंजनाची दोन सुटी पानं एका देठावर बसलेली असतात. एवढ्यावर अर्धा तास जातो आणि मुलं हलायला तयार नसतात.

फोन करा आणि हे विचारा

पहिला प्रश्न, मुलं किती आणि मोठी माणसं किती. माझ्या मते दहा वर्षांखालच्या मुलांसाठी आठ जणांमागे एक मोठं माणूस हवं, त्यात ड्रायव्हर आणि स्वयंपाकी धरायचे नाहीत. पन्नास मुलं आणि तीन "ताई-दादा" म्हणजे ती सहल झाली, शिबिर नाही.

दुसरा, डोकी कोण मोजतं आणि केव्हा. हा प्रश्न ऐकून समोरचा अडखळला तर समजून जा. आम्ही बसमध्ये चढताना, उतरताना, पाण्याजवळून निघताना, जेवणाआधी, जेवणानंतर आणि परतताना मोजतो. प्रत्येक मुलाला एक जोडीदार दिलेला असतो आणि जोडीदार दिसत नसेल तर लगेच सांगायचं, ही जबाबदारी मुलाची. लहान मुलं हे काम मोठ्यांपेक्षा चोख करतात.

तिसरा, वनखात्याची परवानगी. यावल किंवा गौताळा औट्रमघाट ही अभयारण्यं आहेत, तिथे परवानगीशिवाय गट नेता येत नाही. "आपली ओळख आहे, चालतं" हे उत्तर मला चालत नाही.

चौथा, गाडी. एस.टी. किंवा शाळेची बस उत्तम. कालीपिलीत किंवा क्रूझरमध्ये मुलं कोंबून नेणार असतील तर प्रत्येक मुलाला स्वतःची सीट आहे का ते विचारा. दिवसभर गाडी तिथेच थांबणार का, हे त्याहून महत्त्वाचं. मुलांना सोडून गाडी दुसऱ्या भाड्याला गेली तर अडीनडीला दवाखान्यात न्यायचं कशातून? सातपुड्याच्या दऱ्यांत मोबाईलला रेंज येते-जाते, त्यामुळे १०८ ला फोन लागेलच असं धरून चालू नका. जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे आयोजकाला तोंडपाठ हवं.

पाचवा प्रश्न विचारायला आपण लाजतो. मुलींबरोबर बाई आहे का, शौचाला कुठे जायचं, आणि कुठलंही मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर नजरेआड जाणार नाही याची काय व्यवस्था आहे? सरळ विचारा. चांगले आयोजक यावर रागावत नाहीत. पाचवी-सहावीच्या पुढच्या मुलींच्या बॅगेत पॅड, कागदी पिशवी आणि एक जास्तीची सलवार ठेवा आणि लागलं तर कोणत्या ताईला सांगायचं ते आधी ठरवून द्या. आणि घरून निघण्याआधी मुलाला सांगून ठेवा, की कुणाचंही वागणं आवडलं नाही तर लगेच दुसऱ्या मोठ्या माणसाकडे जायचं आणि घरी येऊन आम्हाला सांगायचं, आम्ही रागावणार नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक त्यांना पाठ असलेला बरा.

शेवटचा प्रश्न माझ्या आवडीचा. पक्षी बोलवायला मोबाईलवर त्यांचा आवाज वाजवता का? "हो, त्यानं पटकन येतात" असं उत्तर आलं तर मी नाव घालत नाही. आपल्याकडच्या रानपिंगळ्याची गोष्ट सांगते. हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणालाच सापडलं नाही. नामशेष झालं असंच धरलं गेलं होतं. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, ते पुन्हा दिसलं ते आपल्या शहाद्याजवळ. सातपुड्यात अजूनही आहे, यावलच्या जंगलातही, आणि घुबड असूनही दिवसाढवळ्या फिरतं, म्हणजे मुलांना दिसण्याची शक्यता असते. असल्या मोजक्या उरलेल्या पाखराला दर रविवारी खोट्या आवाजानं फसवून बाहेर काढायचं? ते आपला इलाका राखायला धावत येतं, पिल्लांपासून लांब जातं, दमतं. दिसलं तर दिसलं. "हमखास दिसेल" म्हणणाऱ्यापेक्षा "दिसलं नाही तरी त्याचं झाड दाखवू" म्हणणारा मार्गदर्शक निवडा.

शुल्क, पैसे परत मिळण्याचा नियम, फोटो कुठे टाकणार, हे लेखी घ्या म्हणजे झालं.

फॉर्म खरा भरा

इथे आईबाप हमखास लपवतात. दमा आहे, फिट येते, अंथरूण ओलं होतं, शेंगदाण्यानं अंगावर गांधी उठतात. "लिहिलं तर घेणार नाहीत" ही भीती. एका मुलाचा पंप घरीच राहिला होता, फॉर्मवर दम्याचा उल्लेख नव्हता आणि गवताच्या कुसळांतून चालल्यावर त्याचा श्वास लागला. आमच्या नशिबानं दवाखाना वीस मिनिटांवर होता. पंप असेल तर तो मुलाच्या बॅगेत नको, ताईच्या हातात द्या, नाव लिहून.

नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेली मुलं आहेत. अशा मुलाला पाणी कमी पडणं, थंड पाण्यात भिजणं, दमेपर्यंत चालणं, यातून एकदम जोराच्या वेदना सुरू होऊ शकतात. ते मूल शिबिराला येऊ शकतं, आम्ही नेलेलं आहे, पण आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि आम्हाला सांगा. मग त्याला दर अर्ध्या तासाला पाणी देणारं माणूस नेमता येतं.

फोन नंबर दोन द्या. दुसरा नंबर त्याच घरातला नको. शिबिराच्या दिवशी तुम्ही दोघं लग्नाला गेलेले असता, ढोलताशात फोन ऐकू येत नाही. आजीचा, शेजारच्या काकांचा द्या.

आठवडाभर आधी बूट

नवे बूट शिबिराच्या सकाळी पहिल्यांदा घालू नका. दहाच्या आत टाचेला फोड येतो आणि मग मूल दिवसभर त्या फोडाचंच निरीक्षण करतं. जुने शाळेचे बूट चालतात. सॅंडल नको, बाभळीचा काटा पट्ट्यांच्या मधून बरोबर आत शिरतो. उंच सुती मोजे आणि पायघोळ पँट. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, मातकट किंवा हिरवा. वाढदिवसाचा चमकीचा फ्रॉक आम्ही दर शिबिरात एक तरी बघतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खालीही उतरतो आणि दुपारी घाम येतो, म्हणून एक जाड स्वेटर देण्यापेक्षा दोन पातळ कपडे एकावर एक घाला. डोक्यावर टोपीपेक्षा आजोबांचा पांढरा रुमाल सरस. कान झाकतो, मान झाकतो, ओला करता येतो, आणि पडलं-लागलं तर हात बांधायला उपयोगी.

आदल्या रात्री

बॅग मुलाला स्वतः भरू द्या, तुम्ही समोर बसा. तुम्ही भरलीत तर दुपारी "ताई, माझी बाटली कुठंय?" हे आम्हाला ऐकावं लागतं.

पाणी दीड ते दोन लिटर, दोन बाटल्यांत. उन्हाळ्यात ओआरएसचं पाकीट द्या, पण मुलाला सांगा, ते चिमूट-चिमूट बाटलीत टाकायचं नाही. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम कालवायचं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

डब्यासाठी आपल्याकडे शतकानुशतकं चालत आलेली वस्तू आहे, दशमी. दुधात मळलेली, दुपारपर्यंत मऊ राहते, खराब होत नाही, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. बट्टी कोरडी दिली तर तीही टिकते. शेवभाजीची तर्री डब्यातून गळते आणि मग वही, रुमाल, दुर्बीण सगळं लाल होतं. अनुभवाचे बोल. दोन केळी द्या, ती न देणारी आई जळगाव जिल्ह्यात सापडायची नाही. वेफर्सची फुगलेली पाकिटं नकोत. देवस्थानांजवळ माकडांना त्या कुरकुरीचा आवाज ओळखीचा असतो आणि ती मुलाच्या हातातून पाकीट ओढतात. स्टीलचा डबा पाहून ती येत नाहीत.

बाकी एक वही, शिसपेन्सिल (पेन गळतं), एक रिकामी पिशवी स्वतःच्या कचऱ्यासाठी, जुनं वर्तमानपत्र बसायला. दुर्बीण असेल तर द्या, नसेल तर विकत घेऊ नका. मोबाईल नको. मोबाईल दिला की मूल पक्ष्याऐवजी पक्ष्याच्या फोटोकडे बघतं आणि तुम्ही दर तासाला फोन करता. अत्तर, सुगंधी तेल, वासाचा स्प्रे सकाळी लावू नका. आग्या मोहोळाजवळून जावं लागलं तर तो वास अंगाशी येऊ शकतो.

मुलाला घरी सांगायच्या चार गोष्टी

आम्ही शिबिरात सांगतोच, पण आईच्या तोंडून ऐकलेलं वेगळं मुरतं.

दगड, लाकडाचा ओंडका, बिळाचं तोंड, इथे हात घालायचा नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही आपल्या भागात आहेत. चावलाच तर ओरडायचं, बसायचं, पळायचं नाही. मोठ्यांसाठी सूचना: बांगड्या, कडं, हातातला दोरा लगेच काढा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, थेट सरकारी दवाखाना गाठा. आवळून बांधणं, ब्लेडनं कापणं, तोंडानं ओढणं, मांत्रिक, यात वेळ घालवायचा नाही. विषावरचं इंजेक्शन दवाखान्यातच मिळतं.

मोहोळाला दगड मारायचा नाही. माशा उठल्या तर रुमालानं तोंड झाकून लांब पळायचं, हात हवेत फिरवायचे नाहीत, पाण्यात उडी मारायची नाही.

ओळखीच्या नसलेल्या बिया तोंडात घालायच्या नाहीत. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोड लागतात आणि नंतर उलट्या-जुलाबांनी मूल लोळतं. लाल-काळी गुंज माळेत दिसते म्हणून खेळण्यातली वाटते, पण ती चावली तर जीवघेणी. हिवाळ्यात वाळलेल्या खाजकुयलीच्या शेंगांना हात लागला तर खाजवायचं नाही, आधी ताईला दाखवायचं. चोळलं की लव कातडीत आणखी रुतते.

चौथी गोष्ट वागण्याची. वाटेतला पाडा हे कुणाचं तरी घर आहे. पावरा, भिल्ल, तडवी बंधू-भगिनी वाट दाखवायला आल्या की त्यांना दादा, ताई, आजी म्हणायचं, त्यांच्या दारात डोकावायचं नाही, न विचारता फोटो नाही. खाऊ वाटत फिरायचं तर मुळीच नाही. सालईचा डिंक कुठे निघतो, मोह कधी गळतो हे त्यांच्याइतकं आमच्यातल्या एकालाही माहीत नसतं, म्हणून आम्ही त्यांना मार्गदर्शनाचे पैसे देतो आणि मुलांसमोर देतो.

बसजवळ

दहा मिनिटं आधी या. कागदावर सही करा, घ्यायला कोण येणार त्याचं नाव लिहा. दुसरंच कुणी आलं तर आम्ही मूल देत नाही, मामा असला तरी. एकदा एक जिभाऊ यावरून माझ्यावर चांगलेच तापले होते. मी फोन लावून वहिनींशी बोलले, मगच पोरगं दिलं. आजही तसंच करते.

मूल रडलं तर बसमध्ये चढून बसू नका. सहा-सात वर्षांची मुलं रडतात, गाव मागे पडलं की थांबतात. बस वेळेवर सुटावी म्हणून आता आम्ही पाच मिनिटांच्या वर कुणासाठी थांबत नाही. एक घर नाराज होतं, पण बाकीच्या तीस मुलांची सकाळ वाचते.

संध्याकाळी

"काय शिकलास?" नका विचारू, त्याला शाळेचा वास येतो. पाणी द्या, जेवायला घाला, बोलेल तेव्हा बोलेल. खिसे मात्र तपासा. अभयारण्यातून दगड, पीस, पान काहीच आणायचं नसतं, आम्ही निघताना खिसे रिकामे करायला लावतो, तरी एखादी बी निसटतेच.

गरम पाण्यानं आंघोळ घालताना काखेत, जांघेत, कानामागे, केसांच्या मुळाशी गोचीड चिकटलेली आहे का बघा. असेल तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल लावणं, काडीनं चटका देणं नको. मूल सुस्त आहे, डोकं दुखतंय, उलटी होतेय, कातडी तापून कोरडी पडलीय असं दिसलं तर उन्हाचा त्रास समजून अंग ओल्या फडक्यानं गार करत लगेच दवाखान्यात न्या. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, किंवा अंगावर काळ्या खपलीचा डाग दिसला, तर डॉक्टरांना मूल रानात गेलं होतं हे आवर्जून सांगा. झुडपातल्या किड्याच्या चाव्यानं येणारा ताप वेगळा असतो, औषधही वेगळं, आणि ही माहिती दिली नाही तर तो साध्या तापात खपून जातो.

कपडे वेगळे भिजवा, कुसळं हातानं काढावी लागतात, मशीनमध्ये बाकीच्या कपड्यांना चिकटतात. बूट दुसऱ्या दिवशी उन्हात टाका, आणि पुन्हा पायात घालण्याआधी उलटे करून दोनदा झटका.